टिडवेलांच्या घरचा चिकन-भात

कोच व्हर्नन टिडवेल गोड बोलू लागले, आणि आठवड्याच्या आत त्यांच्या घरी चिकन-भात येऊ लागला.

पहिला ट्रे शेजारणीने आणून दिला तेव्हा त्यांच्या बायकोला, लोरेटाला, काही वावगं वाटलं नाही. दुसरा चर्चमधल्या बाईंनी आणला आणि तिसरा चक्क पोस्टमनने. वर चीजचा जाड थर, ओव्हनमधून नुकताच काढलेला. अर्कान्सासमधल्या त्या गावात कुणाच्या घरी माणूस गेलं, किंवा जायच्या बेतात असलं, की असा चिकन-भात पोचवायची पद्धत आहे.

"आपल्याकडे कोण गेलंय, व्हर्नन?" लोरेटाने विचारलं.

"मला काय माहीत," ते म्हणाले आणि ताटाला हातही न लावता कॉलेजच्या मैदानावर निघून गेले. त्यांचा जीव दुसरीकडेच टांगणीला लागला होता.

तो टांगला होता ट्रेव्हियन गँट नावाच्या पोरावर. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू फेकणाऱ्याच्या पाठीकडून जो अंगावर येईल त्याला अडवायचं, हे त्याचं काम. हा पोरगा टिडवेलांना एका शाळेच्या बँडमध्ये सापडला होता, गळ्यात भलामोठा पितळी भोंगा अडकवलेला. एवढं धूड फुंकर मारण्यात वाया जातंय हे बघून त्यांना अक्षरशः वाईट वाटलं होतं. तीन वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडून त्यांनी त्याला खेळाडू बनवलं. फक्त त्याचा डावा पाय अजून उशिरा उचलायचा.

आणि आता पोर्टल उघडलं होतं. जानेवारीत कुठल्याही पोराने त्यात आपलं नाव टाकावं आणि जास्त पगार देणाऱ्या कॉलेजात खेळायला जावं, असा नवा कारभार. टिडवेलांच्या उमेदीच्या काळात खेळाडूला काही देणंच नियमाबाहेर होतं; त्यांनी एका उपाशी पोराला सँडविच खाऊ घातलं म्हणून त्यांच्यावर चौकशी बसली होती. आता कॉलेजच पोरांना पगार देत होतं, आणि पार्किंगमध्ये सगळ्यात जुनी गाडी टिडवेलांची होती. ट्रेव्हियन गेला तर त्यांना पुढचा हंगाम नकोच होता.

पोरं टिकवण्यासाठी कॉलेजने ब्रेंट नावाचा एक सल्लागार ठेवला होता. हा आधी सोफे विकायचा.

"कोच, पोर्टल बंद होईपर्यंत आवाज चढवायचा नाही," ब्रेंटने बजावलं होतं. "गिऱ्हाइकाशी बोलतो तसं बोला."

"गिऱ्हाईक ते कसे? पैसे तर आपण देतोय."

"तेच कुणाला कळेनासं झालंय. म्हणून तर मला ठेवलंय."

टिडवेलांचं तोंड म्हणजे गावचं वैभव. मैदानावर ते कडाडले की हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर लोक हसायचे. दर वर्षी पहिल्या दिवशी ते नव्या पोरांना सांगत, "मी ओरडतोय तोवर तुमची आशा आहे असं समजा. गप्प झालो की बॅग भरा." हे आपणच सांगतो, याचा मात्र त्यांना या गडबडीत साफ विसर पडला.

एका पोराने हातातला चेंडू लागोपाठ तीनदा सोडला. "छान प्रयत्न, बेटा," टिडवेल म्हणाले, "चेंडूच जरा निसरडा आहे." ट्रेव्हियनचा डावा पाय पुन्हा मागे राहिला आणि चेंडू फेकणारा बिचारा उताणा पडला. टिडवेलांची मान लालबुंद झाली, ओठ थरथरले. "धन्यवाद, ट्रेव्हियन," ते कसेबसे म्हणाले. पोरं एकमेकांची तोंडं बघू लागली.

त्याच संध्याकाळी ट्रेव्हियन कॉलेजातल्या त्यांच्या खोलीत आला. टोपी हातात, डोळे जमिनीवर.

"कोच, खरं सांगा. कॅन्सर आहे का?"

"कुणाला?"

"तुम्हाला. सगळ्या गावाला कळलंय. तुम्ही ओरडत नाही, आभार मानता. खाली व्यायामशाळेत पोरांनी तुमच्यासाठी प्रार्थना ठेवली होती."

टिडवेलांना एकदम फ्रीजमधले तिन्ही ट्रे आठवले.

"मला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. "घोड्यासारखा ठणठणीत आहे मी."

"मग माझी आशा सोडली असेल तुम्ही." पोराचा आवाज चिरका झाला. "एका मोठ्या युनिव्हर्सिटीच्या कोचचा फोन आला होता. डाव्या पायावरून त्याने माझी सालटी काढली. इतकं बरं वाटलं मला."

हे मात्र टिडवेलांना सहन झालं नाही. आपल्या पोराला परक्या माणसाने झापावं? ते उठून उभे राहिले.

"त्या पायाबद्दल बोलणारा तो कोण? त्या पायाशी डोकं मी फोडलंय. पाय आहे की जमिनीत पुरलेला खांब? तुझ्या पाठीमागे एक माणूस उभा असतो, त्याला आईबाप आहेत, आणि तू बसची वाट बघत असल्यासारखा उभा राहतोस. अरे, बँडमध्येसुद्धा तो पाय ताल सोडून पडायचा, या डोळ्यांनी बघितलंय मी."

खिडकीची काच हादरली. खाली व्यायामशाळेत जोरदार टाळ्या पडल्या. ट्रेव्हियनच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तीन आठवडे कोंडलेलं बाहेर पडल्यामुळे टिडवेलांना स्वर्ग दोन बोटं उरला होता.

"मग राहतोस ना?" त्यांनी विचारलं.

ट्रेव्हियनने टोपी घातली. "नाही, कोच. ते देतायत त्यात आईची रात्रपाळी सुटते. तुम्ही खरंच मरायला टेकला असता तर राहिलो असतो. तेवढंच विचारायला आलो होतो."

टिडवेल मटकन खाली बसले. आधी थोडं खोकलो असतो तर, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्यांना लगेच लाजही वाटली. पोराच्या आईला त्यांनी पाहिलं होतं. कोंबड्यांच्या कारखान्यातून सुजलेल्या पायांनी ती थेट सामन्याला यायची.

"मग असा ढिम्म उभा का आहेस?" ते खेकसले. "तिथे जाऊन माझं नाव घालवशील. बाहेर बोळात चल. डावा पाय."

अंधार पडेपर्यंत बोळातून त्यांचा आवाज येत होता.

घरी आले तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता. लोरेटाने चौथा ट्रे उघडला होता.

"कोण गेलं, कळलं का?" तिने विचारलं.

"ट्रेव्हियन," टिडवेल म्हणाले, आणि त्यांनी ताट पुढे केलं. "वाढ."