तपासणी कशाची?

मी एक जुना स्टीलचा पेला आहे. हसू नका मित्रांनो, 'जुना' हे लोकांनी मला चिकटवलंय. माझ्या अंगाला अजून एकही भोक नाही. कारखान्यात पत्र्याच्या चकतीतून मला दाबून काढलं, चकचकीत केलं आणि भावंडांसकट एका मोठ्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आणून ठेवलं.

तिथे आम्ही वर्षानुवर्षं राबलो. साहेबापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या ओठांना लागलो. पडलो, आपटलो, पोचे आले, पण कुणाला तहानलेलं ठेवलं नाही. आम्हाला घासायची ती मावशी. नवरा अंथरुणाला खिळलेला, लेक शिकणारी. घर चालायचं ते याच नोकरीवर. हाताबरोबर तिचं तोंडही चालायचं. "मेल्यांनो, बिस्किटं बुडवून तळाशी लगदा ठेवता, घरी तरी असं करता का?" असं अख्ख्या ऑफिसला सुनावत ती बादलीभर पाण्यात आम्हा सगळ्यांचा निकाल लावायची.

मग ऑफिसला पर्यावरणाचा पुळका आला. समिती नेमली गेली. तिच्या प्रमुख मॅडम माणूस म्हणून वाईट नव्हत्या, तेवढं मी म्हणेन. त्यांनी निरोप धाडला, "उद्या भांडी घासण्याची तपासणी आहे." झालं! मावशीच्या लेखी तपासणी म्हणजे स्वच्छतेची. दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून आली. नळ पूर्ण सोडला, एकेका पेल्याला पुन्हा पुन्हा साबण लावला, धो धो पाण्याखाली धरला. मॅडम मात्र नळाला बसवलेल्या मीटरकडे बघत होत्या.

"डाग सापडला तर माझं नाव बदला!" मावशी म्हणाली.

"छान हं मावशी," म्हणत मॅडमनी आकडा टिपून घेतला.

अगं बाई, नळ बंद कर, असं ओरडावंसं वाटत होतं मला. पण पेल्याला कुठलं तोंड!

लवकरच कागदी कप आले, हिरवं पान छापलेले. आमच्यापायी पाण्याची नासाडी होते असं ठरलं आणि आम्ही भंगारात निघालो. मावशीलाही सांगितलं, आता घासायला काही उरलंच नाही. ती मॅडमकडे गेली. "अहो, रोज कुठे एवढं पाणी लागतं? तुम्ही बघायला येणार म्हणून मी..." मॅडमचा चेहरा पडला. "मावशी, अहवाल वर गेलाय हो आता," एवढंच त्या म्हणाल्या. म्हणजे चूक कळली होती! कळूनही ती तशीच ठेवली, याचा मला संताप येतो.

ते कप दोन घोटांत कचऱ्यात जातात. संध्याकाळी पोतीच्या पोती बाहेर पडतात, त्यांना कुणी मीटर लावलेला नाही. ऑफिसला बक्षीसही मिळालं. मी एकटा भंगारातून वाचलो. मॅडमच्या टेबलावर माझ्यात पेनं खोचली आहेत. "हा आमचा पुनर्वापर," असं त्या पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. उभा जन्म मी दुसरं काय केलं होतं?

मित्रांनो, वस्तू जपा असं मी सांगणार नाही. ते तुम्ही निबंधात लिहिताच. पण मोठे व्हाल, कुणाचं तरी काम तपासायला जाल, तेव्हा काय मोजताय ते त्या माणसाला आधी सांगा. आमच्या मावशीने आयुष्यात एकदाच पाणी उधळलं, तेही मॅडमना पेले लख्ख दिसावेत म्हणून.