शंकर नगरची सोनिया दीदी

रायपूर राजधानी होऊन तीन वर्षं झाली होती. शंकर नगरात भोपाळहून आलेली बिऱ्हाडं स्थिरावली होती, कॉलेजात जगदलपूर-अंबिकापूरकडच्या मुली दिसू लागल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना घरच्यांनी मोबाइल घेऊन दिले होते. ब्राह्मणपाऱ्यात राहणाऱ्या कुमुदला या मोबाइलांमुळेच काम मिळालं.

कुमुद मूळची आर्वीची. लग्न करून रायपूरला आली. नवरा नरेश रेल्वेच्या ऑफिसात. क्रोशाची सुई ती सातवीत असल्यापासून चालवत होती. टेबलावरचे रुमाल, टीव्हीची कव्हरं, दाराची तोरणं असं ती करायची आणि गोल बाजारातल्या हिरालालच्या दुकानात नेऊन द्यायची. पण त्या वर्षी हिरालालने मागच्या खेपेचा गठ्ठाच समोर ठेवला.

"भाभीजी, अब ये कोई नहीं लेता."

गठ्ठा घेऊन ती घरी आली. मुलगी मीनल बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा मोबाइल दोनदा हातातून पडला होता, म्हणून कुमुदने उरलेल्या काळ्या आणि लाल दोऱ्याची एक छोटी पिशवी विणली, गळ्यात अडकवायला लांब गोफ केला. मीनल ती घालून कॉलेजात गेली आणि चार दिवसांनी म्हणाली, "मम्मी, और बना दो. लड़कियाँ माँग रही हैं."

घरात मीनल बोलायची हिंदीच. मराठी तिला सगळी समजायची.

काम वाढलं. मीनल वर्तमानपत्राच्या कागदावर मैत्रिणींचे फोन ठेवून पेन्सिलीने माप काढून आणायची. गुलाबी नको, जांभळा चालेल, मणी लावू नका, अशा सूचना आणायची. दिवाळीपर्यंत कुमुदने साठ-सत्तर पिशव्या केल्या होत्या.

"मी येऊ का एखाद्या दिवशी कॉलेजात?" कुमुदने विचारलं. "गेटपाशी बसतो, पोट्टींले रंग दाखवतो."

"नहीं, आप मत आना. मैं ले जाती हूँ ना."

कुमुदला वाटलं, आईला त्रास नको म्हणून म्हणते आहे.

जानेवारीत मीनल तापाने पडली. आठवडाभर कॉलेजला गेली नाही, तेव्हा एक मुलगी पत्ता विचारत घरी आली. शर्मिष्ठा नाव, जगदलपूरची, कॉलेजजवळच्या एका खासगी हॉस्टेलात राहणारी. हॉस्टेलच्या बारा जणी नाचाच्या स्पर्धेला जाणार होत्या आणि त्यांना एकसारख्या बारा पिशव्या हव्या होत्या. मीनल झोपली होती. कुमुद पुढच्या खोलीत विणत बसली होती.

शर्मिष्ठाने तिच्या हातातली सुई पाहिली आणि खूश होऊन म्हणाली, "अरे आंटी, आप भी सोनिया दीदी से सीख रही हैं?"

"कौन सोनिया?"

"वही, शंकर नगर वाली. बंबई से डिज़ाइनिंग करके आई हैं ना. मीनल उन्हीं का सामान तो लाती है."

कुमुदने हातातला टाका पुरा केला. मग म्हणाली, "हव. सीख रही हूँ."

तिने शर्मिष्ठाला पाणी दिलं, रंग विचारून घेतला आणि जिन्यापर्यंत सोडून आली.

ताप उतरेपर्यंत ती मीनलला काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मीनल उठून भात खायला बसली, तेव्हा विचारलं, "ही सोनिया कोण आहे?"

मीनलचा घास हातातच राहिला.

"काहून सांगितलं तसं? मायी लाज वाटून राहिली होती तुले?"

"पहले दिन मैंने सच ही बोला था," मीनल म्हणाली. "बोली, मम्मी ने बनाया है. सबने हाथ में लिया और वापस रख दिया. एक बोली, ऐसा तो मेरी नानी भी बनाती है. दूसरे दिन वही पाउच दूसरी क्लास में ले गई और सोनिया दीदी का नाम लिया. आधे घंटे में सब माँगने लगीं."

"अन् लाज?"

मीनलने ताटाकडे पाहिलं. "थोड़ी वो भी थी."

कुमुद उठून आत गेली. लाजेचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. त्या वयात आपणही आईला शाळेत येऊ देत नव्हतो, हे तिला माहीत होतं. पण तोच दोरा, तेच टाके, तोच हात, आणि नुसतं नाव बदलल्यावर वस्तू चांगली कशी झाली, हे तिला पचेना. पाच दिवस तिने सुई हातात घेतली नाही. नरेशने विचारलं तर डोळे दुखतात म्हणाली.

मग स्पर्धेची तारीख जवळ आली. बारा पिशव्यांचा शब्द तिने स्वतः दिला होता. तिने त्या केल्या, आणि शेवटचा गोफ ओवून झाल्यावर मीनलला म्हणाली, "मीच नेऊन देतो."

"मम्मी, प्लीज़."

"तू बी चल पाहिजे तर."

मीनल आली, पण हॉस्टेलच्या दारातच थांबली. मुली गोळा झाल्या. एकीने विचारलं, "सोनिया दीदी नहीं आईं?"

"सोनिया कोई नहीं है," कुमुद म्हणाली. "मैं बनाती हूँ. मीनल मेरी बेटी है."

मग मागून एकजण म्हणाली, "मतलब मीनल ने झूठ बोला?"

"हाँ, बोला. सच बोली थी तब किसी ने लिया नहीं."

शर्मिष्ठा गोंधळून गेली. "आंटी, उस दिन आपने मुझे क्यों नहीं बताया?"

कुमुदला खोटं बोलता आलं नाही. "मुझे अच्छा लगा था," ती म्हणाली. "लगा, बंबई से पढ़कर आई कोई लड़की भी यही काम करती है."

बारांतल्या दोघींनी पिशव्या घेतल्या नाहीत. बाकीच्या घालून पाहू लागल्या. शर्मिष्ठाच्या फोनला वर जाडसर अँटेना होता, तो पिशवीच्या तोंडाशी अडकत होता. "इधर दो," म्हणून कुमुद तिथेच खाटेवर बसली. तिने कडेची ओळ उसवली, साखळीचे पाच टाके टाकून अँटेनापुरती फट ठेवली आणि कड पुन्हा विणून दिली. मुली भोवती उभ्या राहून पाहत होत्या. इतक्या वेगाने सुई चालताना त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"इस पर मेरे नाम का अक्षर आएगा?" एकीने विचारलं.

"कौन सा?"

"र. राधा."

"आएगा. कौन से रंग में?"

तेवढ्यात मीनल आत येऊन उभी राहिली आणि पिशवीतून पेन्सिल काढून राधाच्या फोनचं माप घेऊ लागली.

कॉलेजातली मागणी मात्र पडली. काही मुली मीनलशी महिनाभर बोलल्या नाहीत आणि एकीने तर घेतलेली पिशवी परत आणून दिली. कुमुदने ती मुकाट्याने ठेवून घेतली. पण हॉस्टेलात तिला दर गुरुवारी दुपारी बोलावणं येऊ लागलं. मुली समोर बसून रंग निवडायच्या, कुणी फुलपाखरू मागायची, कुणी दोन फोनांची एक पिशवी. तिघी-चौघी विणायला शिकू लागल्या. त्यांत एकीचे टाके फारच घट्ट यायचे, तिला कुमुद प्रत्येक वेळी उसवायला लावायची.

मार्चमध्ये मीनलने हॉस्टेलच्या भिंतीवर लावायला पुठ्ठ्याची पाटी केली. काय लिहायचं यावरून मायलेकींचं वाजलं. मीनलला 'डिज़ाइनर पाउच' लिहायचं होतं. कुमुद म्हणाली, "डिझायनर लिहायचं तर लिही, पण खाली मायं नाव टाक. पूर्ण."

वॉर्डनबाईंनी पाटी जेवणाच्या वेळापत्रकाशेजारी लावू दिली. त्याच आठवड्याच्या गुरुवारी पाटी वाचून अंबिकापूरची एक नवी मुलगी स्वतःच हिरव्या दोऱ्याचा गुंडा घेऊन आली आणि विचारू लागली, "कुमुद आंटी कौन हैं?" मीनलने पेन्सिलीने आईकडे खूण केली आणि पुढचा कागद काढला.