उघाडीवरचा हिरवा दिवा

मी एक जुना संगणक आहे, गोदामात मोडक्या पंख्यांशेजारी पडलेला. मित्रांनो, म्हाताऱ्याने आपले पराक्रम सांगावेत. पण माझ्या पोटात एक अपराध आहे आणि तो बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

१९८६ साली मला करावे गावाजवळ खाडीच्या बांधावर आणलं. बांधात एक मोठं लोखंडी दार होतं. गावात त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला ते उघडून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत लावायचं, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं. हे काम माझ्याकडे आलं. मला हार घातला, पेढे वाटले. "आता माणसाची गरजच नाही," असं एक साहेब म्हणाले आणि मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

खरं तर माझी सगळी अक्कल उसनी होती. प्रोग्राम लिहिला ऑफिसातल्या नंदकुमारने आणि भरतीच्या वेळा सांगितल्या उघाडीचा राखणदार जयदेव याने. तो करावे गावचाच. त्याचा हिशेब तिथीवर चाले: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघे, म्हणजे चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा. "चौदसची पाऊनपट साडेधा. साडेधाला भरती, लिवा सायेब," असं तो सांगे. नंदकुमार तारखांपुढे वेळा भरून यादी मला देई. जयदेवला हुकूम एकच होता: हिरवा दिवा असेल तर सगळं ठीक, लाल लागला तर चाक हाताने फिरवून दार लावायचं.

दुसऱ्या वर्षी आषाढात लागोपाठ दोन दिवस चतुर्दशी आली. तिथी एक, दिवस दोन! दुसऱ्या दिवसाची वेळ जयदेवला विचारू, म्हणून नंदकुमारने ती जागा मोकळी सोडली आणि विसरला.

ती मोकळी जागा मला दिसली होती. तेव्हाच मी मला जोडलेली घंटा वाजवायला हवी होती. मला तसं शिकवलं नव्हतं हे खरं, पण ती माझी पळवाट झाली. वेळ नाही म्हणजे आज दार लावायचंच नाही, असं मी परस्पर ठरवलं. कागदावर बारीक अक्षरांत तशी नोंद छापली आणि हिरवा दिवा लावून निवांत बसलो.

सकाळी खाडीचं पाणी चढू लागलं तसा जयदेव दोनदा माझ्या खोलीच्या खिडकीशी आला. "पानी तर चरतंय," असं पुटपुटत त्याने चाकाला हात लावला. मग माझ्या दिव्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. त्याने माझ्यावर भरवसा ठेवला हो! अकराच्या सुमारास खाडी उघाडीतून आत आली. त्याची आत्या जाईबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती, "जयद्या, माजी भाताची रोपां गेली रं!"

चौकशीत साहेबांनी विचारलं, "चाक का नाही फिरवलंस?"

"दिवा हिरवा व्हता, सायेब."

"मशीन चुकत नाही. तू झोपला असशील."

जयदेवची नोकरी गेली. आठ दिवसांनी नंदकुमारने माझी नोंद वाचली आणि तो कागद घेऊन साहेबांकडे धावला. पण हार घातलेल्या मशीनची चूक कोण कबूल करणार? चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर मी होतो.

मग नंदकुमारने मला नव्याने शिकवलं. यादी एक दिवस आधी तपासायची. चूक असेल तर ती घ्यायचीच नाही. आदल्या दिवशीच्याच वेळेला दार लावायचं, लाल दिवा लावून घंटा वाजवायची आणि माणूस येईपर्यंत दार उघडायचं नाही.

पुढच्या पावसाळ्यात कुणीतरी यादीत पंचवीस वाजले असं भरलं. मी दार लावलं आणि जीव तोडून घंटा वाजवली. बांधावरून मासळीची पाटी घेऊन जयदेव चालला होता. नोकरी नव्हती, पगार नव्हता, तरी तो पाटी टाकून धावला. दार नीट बसलंय ना, ते हाताने चाचपून पाहिलं. मग माझ्यासमोर उभा राहिला.

"आता बोंबलतंस! त्या दिशी का गप व्हतास?"

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्याहून हुशार यंत्रं घडवाल. त्यांना आधी एवढं शिकवा, की कळलं नाही तर कळलं नाही म्हणून ओरडायचं. आणि तुम्हीही ओरडा, लाजू नका. घंटेचा आवाज कुणाला आवडत नाही, पण मी गप्प राहिलो म्हणून एका भल्या माणसाची नोकरी गेली.