विचारपूस

आमच्या खोलीत कुणीही प्रश्न विचारला की पलीकडची भिंत हातभर मागे सरकते.

विभावरीबाई आल्या तेव्हा मिरजेतली ही खोली चौघी दाटीनं झोपतील एवढीच होती. त्या डॉक्टर, पण गोळ्या न देणाऱ्या. आम्हा तृतीयपंथीयांत एड्सचा विषाणू कसा फिरतो, आम्ही जीव कुणाला लावतो, नवरा कुणाला म्हणतो, हा त्यांचा अभ्यास. बोलणं गोड. मी उत्तरं देत गेले. त्या पलीकडच्या भिंतीशी माझी चेली मंजुळा अंथरुणावर होती. दुपारपर्यंत ती उशीएवढी दिसू लागली.

मी टाळी वाजवली. आमच्यात टाळीला टाळीनं उत्तर देतात. मंजुळेची टाळी पोचली, तोवर चहावर साय धरली होती.

"तिला लागण कुणाकडून झाली असेल?" बाईंनी विचारलं.

मंजुळा आणखी लहान झाली.

"बाई, बास. भिंत बघा."

त्यांनी बघितलं. "हे कधीपासून होतंय?"

"अगं बये, तोंड मीट!"

दिवेलागण झाली होती. मंजुळेची गोळी चुकली की विषाणू डोकं वर काढतो. माझे गुडघे एवढं चालणारे राहिले नव्हते. मी बाईंच्या एका हातात गोळी दिली, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या.

"काही विचारायचं नाही. ती बोलली तर नुसतं हूं म्हणायचं."

"पण गुरूमां, मला..."

"हूं म्हणायचं."

"हूं."

ओठ घट्ट मिटून त्या निघाल्या. पत्र्याची ट्रंक मागे पडली, देवीची परडी मागे पडली. बाई बाहुलीएवढ्या झाल्या, मग नुसता तांब्या चमकत राहिला. भिंत जागेवर होती. दिवसभरात पहिल्यांदा खोली गप्प होती.

डोळे ताणले तेव्हा दिसलं, मंजुळा कोपरावर उठली. तिनं हात पुढे केला. तिची बोटं आणि तांब्या यांत दोन बोटांचं अंतर उरलं.

तेव्हा मला आठवलं. मंजुळेला घरच्यांनी उपाशी बाहेर काढलं होतं. तेव्हापासून दारात कुणीही येवो, अगदी पोलीस येवो, जेवलास का, जेवलीस का, हे विचारल्याशिवाय ती त्याच्या हातून काही घेत नाही.

तिला गप्प करायला मी सगळा जीव एकवटून टाळी वाजवली.

टाळी ट्रंकेपर्यंतच पोचली असेल. मंजुळेनं मान वर केली आणि पाहुणीकडे बघून हसली.