तळातला पोचा

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. माझी कडी वाकडी आहे आणि तळाला एक पोचा आहे. मित्रांनो, तो पोचा तेवढा लक्षात ठेवा.

कारखान्यात मी कधी चकचकीत होते, ते आता आठवत नाही. दुकानातून मी उतारावरच्या एका शेतावर आले. शेताच्या खाली तळं. कितीतरी वर्षं मी कोंबडीखत वाहिलं. शेताचे मालक आजोबा म्हणायचे, "मातीला वाढताना हात आखडता घ्यायचा नाही." बादली असावी तर अशी, असं माझं कौतुकही करायचे. मला काही वाटायचं नाही. भरली की जड, ओतली की हलकी, एवढंच.

मग तळ्यावर हिरवी साय धरली. ते पाणी पिऊन घरचा कुत्रा मेला. त्या दिवसापासून आजोबांच्या सूनबाईंनी आपल्या लेकीचा, छोटीचा हात सोडला नाही. आणि छोटीला तर फक्त तळ्यात पाय घालायचे होते.

माती तपासून घेतली. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "खतातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीत साठलंय. पावसाबरोबर ते तळ्यात उतरतं आणि शेवाळ पोसतं. खत थांबवा, मातीत जिप्समची पूड मिसळा. ते स्फुरदाला धरून ठेवेल."

आजोबांनी जिप्समची पहिली गोणी बादली बादली करून थेट तळ्यात ओतली.

"अहो बाबा, हे काय केलंत?" सूनबाईंनी विचारलं.

"दुखणं तळ्याला, मग औषध मातीला कशाला?"

"तळ्याला कसलं दुखणं! आपणच त्याला वरून ठासून जेवू घालतोय."

आजोबांनी शेतापासून तळ्यापर्यंतचा उतार नजरेनं मोजला. "म्हणजे मी वाढतोय एकाला आणि जेवतंय भलतंच! आण दुसरी गोणी."

ती मातीत गेली. खत बंद झालं. पावसाळा सरला तरी तळं हिरवंच होतं. सूनबाई अधूनमधून मला तळ्यात बुडवून वर काढायच्या, वाकून बघायच्या. हिरव्या पाण्यातून तळाचा पोचा दिसायचा नाही.

"आता?" छोटी विचारायची.

"अजून नाही."

मी बुडायचे, वर यायचे.

पुढच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी सूनबाई माझ्यावर वाकल्या आणि तशाच राहिल्या. पोचा दिसत होता. अंधुक, पण दिसत होता.

"आता?"

त्यांनी तळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बादलीत घाल. आधी एकच पाय."

मित्रांनो, मातीवर काही ओतण्याआधी उताराच्या खाली कोण आहे, ते बघत जा. मी पडले पत्रा. मला खत काय नि पाणी काय, सारखंच. पोच्यावर एक लहानशी टाच टेकली. ती गार होती, एवढं मात्र सांगू शकते.