मालेगावच्या नळ्या

सिल्वासातल्या आमच्या सुताच्या कारखान्यात क्वालिटी माझ्याकडे आहे आणि मी कुणाचे लाड करत नाही. त्यामुळे मालेगावला जाणाऱ्या मालात, सूत गुंडाळतात त्या एका पुठ्ठ्याच्या नळीच्या आत पेनानं खरडलेलं दिसलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. शाईनं सूत डागाळतं.

‘दिवसभर सूत गुंडाळतो, तुझं-माझं जुळेना,
पळस पेटला नरोलीत, थंडी माझी पळेना.’

मराठी मंडळात दर महिन्याला मी कविता वाचते. माझी एकही ओळ अशी थेट लागलेली नाही, याचा मला जास्त राग आला.

लिहिणारा समाधान, मूळ पारोळ्याचा, इथं जवळच नरोलीत राहणारा जुना ऑपरेटर. मी त्याला झापायला घेतलं, तर तो खाली बघत सांगू लागला. बायको, सरिता, दीड वर्षापूर्वी भांडून माहेरी मालेगावला गेली. फोन उचलत नाही. तिथं ती ज्या कारखान्यात लागली, तिथं आमचंच सूत जातं. म्हणून प्रत्येक गाडीत तो दोन ओळी घालायचा. उत्तर एकदाही आलं नाही. येत्या सोमवारी दोन्हीकडची माणसं बसणार होती आणि तो फारकतीवर सही करणार होता.

“उत्तर येणार तरी कसं होतं?” मी विचारलं.

“रिकाम्या नळ्या आपल्याकडेच परत येता ना, मॅडम. तिले वाटलं तर ती लिहील.”

परत आलेल्या नळ्या माझीच माणसं तपासतात. आत शाई दिसली की नळी बॉयलरमध्ये, हा नियम मीच काढलेला. वाचत कोण बसतंय!

मी बॉयलरकडे पळाले, समाधान मागोमाग. तिथला भास्कर म्हणाला, मालेगावच्या पोत्यात लिहिलेली एखादी नळी दर खेपेला असतेच, त्याला वाटायचं मापं असतील. आजचं पोतं अजून बाहेरच होतं. मी ते उलटं केलं. एका नळीत बारीक, तिरकं अक्षर होतं.

‘मोसम नदीचा पूर ओसरला, मोसमही सरला,
दहा वेळा ये म्हणाले, तू नाही फिरकला.’

समाधाननं ते दोनदा वाचलं.

“दहा?” तो म्हणाला. “बाकीच्या कुठं हायेत, मॅडम?”

“मी जाळल्या.”

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग नळी शर्टात घालून तो गेटकडे धावत सुटला. शिफ्ट संपायला तीन तास होते आणि त्याला थांबवायला मला तोंड नव्हतं.