गाडीतला प्रिंटर

माझ्या टाइपरायटरचं टेबल एका पायाने आखूड होतं. नोंदणी कार्यालयाच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड होती, तिथे मी बावीस वर्षं टंकलेखन केलं. त्यातली निदान दोन वर्षं मी ह्यांच्या मागे लागले होते, तेवढा पाय बघा. हे गाड्यांच्या विजेचं काम करायचे. एकदा आले, घडी घातलेला पुठ्ठा पायाखाली सरकवला आणि म्हणाले, "झालं की!"

त्याच माणसाने धाकटीच्या गाडीसाठी चार रविवार घातले.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिने एक जुनी व्हॅन घेतली, मागची सीट काढून फळी बसवली, तिच्यावर लॅपटॉप आणि प्रिंटर मांडला. ह्यांनी पुढून मागपर्यंत अंगठ्याएवढी जाड वायर ओढली, जादा बॅटरी बसवली, इन्व्हर्टर लावला. गाडीतली वीज घरातल्या विजेसारखी करणारा तो डबा, विटेपेक्षा थोडा मोठा. बॅटरी उतरायला लागली की पेटणारा एक लाल दिवाही बसवला, म्हणजे धाकटीने इंजिन सुरू करायचं. तो दिवा तिला समोर दिसेल अशा जागी बसवायला ह्यांना अर्धा दिवस लागला. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघांची डोकी बॉनेटखाली होती.

"ताई, दादांच्या हातात जादू आहे हो!" ती म्हणाली.

मी कप ठेवून परत आले.

व्हॅन माझ्या शेडसमोरच, रस्त्याच्या पलीकडे उभी राहायची. माझी वीस वर्षांची ओळखीची माणसं मान खाली घालून रस्ता ओलांडायची. एक शिंपी तेवढा थांबून बोलला. "रागावू नका बाई, तिथे चूक झाली तर खोडावं लागत नाही. तुमच्या मशीनला इंजिन नाही का?"

"आहे ना. समोर बसलंय," मी म्हटलं आणि स्वतःकडे बोट केलं. तो हसला, आणि गेला पलीकडेच.

मग सरकारी घरांच्या अर्जांची शेवटची तारीख आली. खिडकी पाचला बंद, पुढे मुदत नाही. धाकटीचा प्रिंटर शाईचा होता, सावकाश चालणारा. गर्दीसाठी तिने कुणाकडून तरी मोठा लेझर प्रिंटर एका दिवसापुरता मागून आणला. त्या दिवशी पहाटे हे दूरच्या कामाला निघाले, धाकटी अजून उठली नव्हती. चपला घालता घालता म्हणाले, "धाकटीला सांग, तो लेझर गाडीत लावू नकोस. तापताना एकदम ओढतो, इन्व्हर्टरला झेपायचा नाही. शाईचाच लाव म्हणावं. विसरू नकोस."

"सांगते," मी म्हटलं.

विसरले नाही. तासाभराने ती दारासमोरच लेझर गाडीत चढवत होती. शाईचा काढून तिने ओट्यावर ठेवला. मी दारात उभी राहून वेणी घालत ते बघितलं. तिने विचारलं, "ताई, येताय का गाडीतून?"

"नको, मी चालत येते."

दुपारपर्यंत तिने नुसते अर्ज भरून लॅपटॉपमध्ये ठेवले, छपाई एकदम करायची म्हणून. अडीचच्या सुमारास तिने लेझरचं बटण दाबलं. मला रस्त्यापलीकडून इन्व्हर्टरची लांब शिट्टी ऐकू आली, मग काही नाही. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी कधीच मेलेली, तोही विझला. फ्यूज उडाला होता. जळका वास माझ्या शेडपर्यंत आला.

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. मी कागदात कार्बन घालून, तीन प्रती सारख्या करून मशीनवर चढवल्या आणि वाट बघत बसले. येतील आता सगळे.

आले. धाकटीच त्यांना घेऊन आली, हातात चौदा जणांची कागदपत्रं. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा. "ताई, तुमच्या मशीनला वीज लागत नाही. मी वाचते, तुम्ही मारा."

ती वाचत गेली, मी मारत गेले. टेबल डुगडुगत होतं, तिने ते गुडघ्याने दाबून धरलं. पाचपर्यंत अकरा अर्ज झाले. तिघांचे राहिले. त्यातली एक नर्स होती, ड्यूटीवरून गणवेशातच आलेली. तिचं नाव आणि अर्धा पत्ता मारून झाला होता, तेवढ्यात खिडकी बंद झाली. तिने तो अर्धा कागद मागून घेतला, नीट घडी घातली. "तुम्ही तरी होतात, बाई," मला म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

सहाला हे आले. गाडीत वाकून बघितलं, मग सावकाश माझ्याकडे वळले. "तू सांगितलं नव्हतंस?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "सांगितलं होतं हो त्यांनी. मीच म्हटलं, एक दिवस चालतंय का बघू. माझाच मूर्खपणा."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रात्र मी तळमळत काढली. सकाळी गाडीपाशी गेले. ती शाईचा प्रिंटर फळीवर बसवत होती.

"मी तुला सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "मुद्दाम."

"माहीत आहे, ताई. दारात वेणी घालत उभ्या होता तेव्हा तुमचा चेहराच सांगत होता काहीतरी. मला वाटलं, दादांशी भांडण झालंय." तिने वायर माझ्या हातात दिली. "हे जरा धरा."

मी धरली. ओरडली असती, चार शब्द ऐकवले असते, तर बरं झालं असतं. तेही तिने मला दिलं नाही.

त्या रविवारी हे हातोडी आणि लाकडाचा तुकडा घेऊन शेडमध्ये आले. न सांगता. तासभर बसून त्यांनी टेबलाचा पाय नवा केला, पातळी दोनदा तपासली.

"आज कशी आठवण झाली?" मी विचारलं.

"धाकटी म्हणाली, त्या दिवशी तिने गुडघ्याने धरून ठेवलं होतं म्हणे. मला कुठे माहीत, एवढं हलतं ते!"

सोमवारी टेबल जागचं हललं नाही. समोर रस्त्यापलीकडे तिचा प्रिंटर खर्र खर्र चालला होता, आणि मी एका पानात सात चुका केल्या.